भरती-ओहोटीची गणितं आणि सिंपल हार्मोनिक मोशन: मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात चोडण बेटावर राहतो, रायबंदरच्या फेरीबोटीने रोज ये-जा, आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना मॅथ्स शिकवतो. ऑसिलेशन्सचा चॅप्टर आला की टाइडवाली गणितं येतात आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर तेच तेच डाउट सुरू होतात. कॉलेजात सगळं इंग्लिशमधून, पण डाउट विचारताना पोरं मराठीत नाहीतर कोकणीत येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं मराठीत लिहून ठेवू.

सर, भरती-ओहोटी खरंच एसएचएम आहे का? की पुस्तकवाले आपलं ढकलतात?

थोडं ढकलतात. पण उगाच नाही.

एसएचएम म्हणजे सरल आवर्त गती. वस्तू मधल्या जागेपासून जेवढी लांब, तेवढं तिला मागे खेचणारं त्वरण जास्त, आणि ते कायम मधल्या जागेकडे. स्प्रिंगला लावलेलं वजन डोळ्यासमोर आणा. आता धक्क्यावरच्या पाण्याला कोणी स्प्रिंग लावलेली नाही. चंद्र आणि सूर्य समुद्राला ओढतात, पृथ्वी खाली फिरत असते, त्यामुळे ठरावीक वेळाने पाणी वर-खाली होतं. म्हणजे पीरियड (एक पूर्ण वर-खाली व्हायला लागणारा वेळ) पाण्याच्या वजनावरून ठरत नाही, तो चंद्राकडून येतो. म्हणून या गणितात 'मास किती, स्प्रिंग कॉन्स्टंट किती' असलं काही शोधत बसू नका, गेल्या वर्षी एकाने शोधलं होतं.

मग एसएचएम का म्हणायचं? कारण पाण्याची उंची वेळेप्रमाणे काढली तर ग्राफ जवळजवळ कॉसच्या लाटेसारखा दिसतो. वर पोचताना हळू, मध्ये झपाझप, खाली पोचताना परत हळू. फेरीची वाट बघत रॅम्पवर उभे राहिलात तर हे डोळ्यांनी दिसतं. पूर्ण भरतीच्या वेळी अर्धा तास उभे राहा, पाणी हललंय असं वाटणारच नाही. मधल्या वेळेत उभे राहा, ज्या दगडावर चप्पल होती तो दगड बघता बघता गेला.

गणित हातात आलं की पहिलं काय करायचं?

फॉर्म्युला लिहायचा नाही. एक उभी रेघ मारायची, वर भरतीची खोली लिहायची, खाली ओहोटीची. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की मध्य, वजाबाकी करून अर्धी केली की अँप्लिट्यूड. आमच्याकडे शंभरातली साठ मुलं भरती वजा ओहोटी हाच अँप्लिट्यूड धरतात, अर्धं करायचं विसरतात, आणि मग गणितातली होडी चिखलात रुतते.

मग पीरियड. ओहोटी ते भरती दिलं असेल तर तो अर्धा पीरियड, दुप्पट करा. भरती ते भरती दिलं असेल तर पूर्ण. एवढं झालं की खरं तर गणित संपलं, पुढे नुसता कॅल्क्युलेटर.

एक गणित पूर्ण सोडवून दाखवा ना.

घ्या. आकडे माझे आहेत, खऱ्या बंदराचे नाहीत. नदीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, मांडवीच्या तोंडाला आग्वादजवळ असतो तसा. सकाळी ५:१० ला ओहोटी, तेव्हा पट्ट्यावर पाणी ३.२ मीटर. ११:२० ला भरती, पाणी ५.२ मीटर. एका ट्रॉलरला सुखरूप जायला कमीत कमी ४.७ मीटर लागतं. तो किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आत येऊ शकतो?

मध्य = (३.२ + ५.२) ÷ २ = ४.२. अँप्लिट्यूड = (५.२ − ३.२) ÷ २ = १. ओहोटी ते भरती ६ तास १० मिनिटं, म्हणजे पीरियड १२ तास २० मिनिटं.

आता घड्याळ कुठून सुरू करायचं? मी भरतीपासून करतो, म्हणजे ११:२० ला वेळ शून्य. तेव्हा

खोली = ४.२ + १ × कॉस(३६०° × वेळ ÷ पीरियड)

४.७ पाहिजे, म्हणजे कॉस = ०.५, म्हणजे कोन ६०°. पूर्ण फेरा ३६०° चा, ६०° म्हणजे त्याचा सहावा हिस्सा. १२ तास २० मिनिटांचा सहावा हिस्सा २ तास ३ मिनिटं आणि वर २० सेकंद. भरतीच्या आधी एवढा वेळ आणि नंतर एवढाच वेळ. म्हणजे सकाळी ९:१६:४० पासून दुपारी १:२३:२० पर्यंत, साधारण ४ तास ७ मिनिटं.

पेपरात सेकंद लिहा, मार्क मिळतात. पण ट्रॉलरवाल्याला सांगताना सव्वानऊला जाऊ नको, साडेनऊनंतर जा आणि एकच्या आत आटप म्हणा. उत्तर गोल करताना नेहमी सुरक्षित बाजूला करायचं, हे पुस्तकात कुणी लिहीत नाही. ९:१६:४० ला गोल करून ९:१५ लिहिलं तर गणिताला फरक पडत नाही, बोटीच्या बुडाला पडतो.

साइन घेऊ की कॉस? मायनस कधी येतो?

काहीही घ्या. भरतीपासून वेळ मोजलात तर प्लस कॉस. ओहोटीपासून मोजलात तर मायनस कॉस. पाणी बरोब्बर मध्यावर असताना मोजायला सुरुवात केलीत तर साइन, चढत असेल तर प्लस, उतरत असेल तर मायनस. वरचंच गणित ओहोटीपासून केलं तर मायनस कॉस = ०.५, कोन १२०°, वेळ ४ तास ६ मिनिटं ४० सेकंद, आणि ५:१० मध्ये मिळवलं की परत ९:१६:४०. वेगळं उत्तर आलं तर घड्याळ कुठून सुरू केलं तिथे चूक आहे, दुसरीकडे शोधू नका.

ट्रॉलरच्या गणितात माझं उत्तर चार मिनिटं येतंय. बरोबर आहे का?

तुमचा कॅल्क्युलेटर रेडियन मोडमध्ये आहे, म्हणजे कोन डिग्रीत नाही, रेडियन या दुसऱ्या मापात देतोय. पैज.

हे माझ्याच बाबतीत झालंय, बोर्डवर, वीस मुलांसमोर. कॉस इनव्हर्स मायनस ०.५ केलं, स्क्रीनवर आलं २.०९४, मी न बघता ते डिग्री समजून ३६० ने भागलं आणि पीरियडने गुणलं. आली साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणजे पाणी पाच वाजून दहा मिनिटांनी चढायला लागलं आणि चार मिनिटांत दीड मीटर वर! मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, ही भरती न्हय, सुनामी." पूर्ण वर्ग हसला, मीही हसलो, पण तेव्हापासून एक सवय लागली, उत्तर आलं की ते घेऊन मनातल्या मनात रॅम्पवर उभं राहायचं. असं कधी पाणी चढलेलं बघितलंय का? नाही ना, मग उत्तर चुकलंय.

म्हणूनच मी पोरांना पीरियडचा कितवा हिस्सा ते बघायला सांगतो. डिग्रीत काम करा. रेडियन फक्त डिफरन्शिएट करताना काढा, तिथे त्याच्याशिवाय चालत नाही.

पीरियड १२ तास धरू, साडेबारा धरू की १२ तास २५ मिनिटं?

गणितात दिलाय तोच. काही दिलं नसेल तर १२ तास २५ मिनिटं. पृथ्वी एक चक्कर मारते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे तोच चंद्र परत डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात दोन भरत्या. म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. आज दहाला तर उद्या दहा पन्नासला.

पाणी किती वेगाने चढतंय ते विचारलंय, कसं काढू?

इथे मजा आहे, म्हणून जरा थांबतो.

एसएचएममध्ये वेग = ओमेगा × वर्गमूळ(अँप्लिट्यूडचा वर्ग − मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग). ओमेगा म्हणजे २ पाय भागिले पीरियड, आणि हा रेडियनमध्येच. ट्रॉलरच्या गणितात ओमेगा = ६.२८३ ÷ १२.३३ = ०.५१ दर तासाला. सगळ्यात जास्त वेग मध्यावर, ०.५१ × १ = तासाला ५१ सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला साडेआठ मिलीमीटर. ४.७ मीटरला, म्हणजे मध्यापासून अर्धा मीटर वर असताना, तासाला ४४ सेंटीमीटर. आणि भरतीच्या क्षणाला शून्य.

दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे, बाराव्या हिश्शाचा. ओहोटीपासून भरतीपर्यंत अंदाजे सहा तास, पहिल्या तासात एकूण चढाचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. ही एसएचएमच आहे, फक्त कॅल्क्युलेटर न लावता. एक तास म्हणजे ३०° धरून कॉसने करून बघा. एकूण चढ २ मीटर असेल तर पहिल्या तासात १३ सेंटीमीटर, दुसऱ्यात ३७, तिसऱ्यात ५०, चौथ्यात ५०, मग ३७, मग १३. ठोकताळ्याने येतात १७, ३३, ५०. होडीत बसून तोंडी करायच्या हिशेबाला एवढं जुळलं तर अजून काय पाहिजे!

पीरियड दिलेलाच नाही, नुसती तीन रीडिंग दिली आहेत. आता?

हे गणित दिसायला भयंकर, करायला दोन ओळींचं. मध्यापासूनची तीन अंतरं सारख्या वेळाने घेतली असतील तर पहिलं आणि तिसरं मिळवा, दुसऱ्याच्या दुपटीने भागा, येतो तो एका टप्प्याच्या कोनाचा कॉस.

समजा एका-एका तासाने रीडिंग घेतली, पाणी मध्यापेक्षा ९४, मग ६६, मग २१ सेंटीमीटर वर. (९४ + २१) ÷ १३२ = ०.८७१. कॉस इनव्हर्स २९.४°. एका तासात २९.४° तर ३६०° ला १२.२४ तास, म्हणजे सव्वाबारा.

आता गंमत बघा. हे आकडे मी १२ तास २५ मिनिटांच्या लाटेवरूनच बनवलेत, फक्त सेंटीमीटरला गोल केले. अर्ध्या सेंटीमीटरच्या गोल करण्याने दहा मिनिटं गेली. नदीत पट्टी धरून वाचलंत तर बाजूने गेलेल्या फेरीच्या लाटेनेच त्याच्या दसपट चूक होईल. म्हणून हे गणित परीक्षेपुरतं, नदीवर पीरियड काढायचा तर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत बसावं लागतं.

आमच्या खाजनातल्या मानशीवर असं गणित करता येईल का?

मला वाटलंच नव्हतं कोणी विचारेल, पण दिवाडीच्या एका मुलीने विचारलं आणि त्या दिवशी मी बाकीचा पोर्शन सोडून हेच घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे नदीकाठची सखल जमीन, बांध घालून खारं पाणी अडवलेली. बांधात मानस असते, लाकडी दारं असलेली. नदीचं पाणी आतल्यापेक्षा वर गेलं की पाण्याच्या दाबानेच दार बंद होतं, खाली गेलं की उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. माणसाने हात लावायची गरज नाही.

प्रश्न असा की एका भरती-ओहोटीत दार किती वेळ उघडं राहील? समजा नदीचा अँप्लिट्यूड ९० सेंटीमीटर, आणि आतलं पाणी नदीच्या मध्यापेक्षा ४५ सेंटीमीटर खाली. नदी त्याच्याही खाली असेल तेवढाच वेळ दार उघडं. ४५ म्हणजे ९० च्या अर्धं, परत तेच ६०°, ओहोटीच्या अलीकडे ६०° आणि पलीकडे ६०°, मिळून १२०°, म्हणजे पीरियडचा तिसरा हिस्सा, ४ तास ८ मिनिटं. पाऊस पडून आतलं पाणी चढलं आणि नदीच्या मध्याएवढं झालं तर अर्धा पीरियड, सहा तासांहून थोडा जास्त. आत पाणी जास्त तर दारही जास्त वेळ उघडं, बांधणाऱ्यांनी कॉसचं नाव ऐकलं नसेल पण काम बघा.

(पाणी बाहेर जाता जाता आतली पातळी उतरते, तो हिशेब इथे धरलेला नाही. तो धरला तर डिफरन्शियल इक्वेशन होतं.)

उधाण आणि भांग असताना एकच अँप्लिट्यूड कसा चालेल?

नाही चालत. गणित एकाच दिवसाचं असतं म्हणून निभावतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत, तेव्हा उधाण, अँप्लिट्यूड मोठा. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची भरती, लहान. दोन्ही एक-दोन दिवस उशिराच येतात.

हे पण एसएचएमनेच निघतं, फक्त एक नाही, दोन मिळवायच्या. चंद्राची लाट १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही एकदम सुरू केल्या तर हळूहळू एकमेकींपासून सुटतात आणि परत जुळतात. किती वेळाने? १२ × १२.४२ ÷ ०.४२, म्हणजे सुमारे ३५५ तास, पावणेपंधरा दिवस. पंधरवडा! फिजिक्समध्ये बीट्स शिकलात ना, तबला-तंबोरा जुळवताना वूं-वूं ऐकू येतं ते, तेच इथे पंधरा दिवसांनी एकदा.

खऱ्या अंदाजासाठी अशा कितीतरी लाटा मिळवतात. कम्प्यूटर नव्हते तेव्हा लॉर्ड केल्विनने १८७२ मध्ये त्यासाठी यंत्र तयार केलं, प्रत्येक लाटेला एक चाक, सगळ्या चाकांवरून एकच तार, आणि तारेच्या टोकाला पेन.

टाइड टेबलशी माझं उत्तर जुळत नाही.

जुळणार नाही. गोव्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, पण दोन्ही भरत्या सारख्या नसतात, ओहोट्या तर अजिबात नाहीत. कारण दिवसातून एकदाच येणाऱ्या लाटाही इथे बऱ्यापैकी मोठ्या आहेत. शिवाय टेबलमधली उंची म्हणजे खोली नाही, ती चार्टच्या (समुद्राच्या नकाशाच्या) शून्यापासूनची उंची, खोली पाहिजे तर चार्टवरची खोली त्यात मिळवायची. पावसाळ्यात नदीला पूर आला किंवा वारा लागला तर अजून फरक.

पण एक युक्ती आहे. पूर्ण दिवसाला एक कॉस लावू नका, एका चढाला एक कॉस आणि एका उताराला दुसरा. समजा टेबलात ४:४० ला ०.५ मीटर, १०:५० ला १.९, संध्याकाळी ४:३० ला १.१ असं आहे. चढाला मध्य १.२, अँप्लिट्यूड ०.७. उताराला मध्य १.५, अँप्लिट्यूड ०.४, आणि वेळ ६ तास १० मिनिटांऐवजी ५ तास ४० मिनिटं. सकाळी ७ ला पाणी किती? चढाच्या ३७० मिनिटांपैकी १४० झाली, १८०° पैकी ६८°, कॉस ०.३७, उंची १.२ − ०.७ × ०.३७ = ०.९४ मीटर. प्रत्यक्षाच्या बऱ्याच जवळ जातं.

आजोबा तिथीवरून भरती सांगतात, ते कसं?

तिथीला पाऊणने गुणतात. पंचमी, पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

यात एक बारीक खोट आहे. खरी भरती तिथीमागे साधारण ४८ मिनिटं सरकते, आजोबा ४५ धरतात. पंधरा तिथ्यांत पाऊण तास मागे पडतात, आणि प्रतिपदेला परत पाऊणपासून सुरू करून ते भरून काढतात. म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. तरी दिनदर्शिका आणि बोटं एवढ्यावर एवढं जमतं, मी तर आजोबांच्या बाजूने.

पणजीची वेळ आमच्या गावाला चालेल का? आम्ही नदीत बरेच आत आहोत.

नाही, आत जाल तशी भरती उशिरा. मांडवी आणि झुआरीत भरतीचं पाणी ५० किलोमीटरपर्यंत आत जातं, आणि पहिल्या ४० किलोमीटरांत तिची उंची फारशी कमी होत नाही, मग एकदम पडते. म्हणजे तुमच्या गणितात अँप्लिट्यूड जवळपास तोच, फक्त फेज, म्हणजे भरतीची वेळ, बदलायचा.

पेपरात मार्क कुठे जातात?

अँप्लिट्यूड अर्धा न केल्याने. एएम-पीएम न लिहिल्याने. आणि 'किती वेळ' विचारलं असताना 'किती वाजता' लिहिल्याने. बस.

सर, या गणितावर भरवसा ठेवून तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाऊ का?

वेळ टेबलातली घ्या, गणित फक्त परत कधी फिरायचं त्यासाठी. सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या, तासभर आधी उतरा. सुकतीनंतर पाणी पहिल्या तासात वीतभरही चढत नाही, त्यामुळे वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि आमच्यातले बरेचजण नेमके तिथेच फसलेत, मीसुद्धा, गुडघाभर चिखलात एक चप्पल सोडून आलोय. दुसऱ्या तासात त्याच्या पावणेतीनपट चढतं. टोपली अर्धी असली तरी पहिला तास संपला की काठावर या.